दार बंद

२ डिसेंबर १९६३, सोमवार

शनिवारी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात मैनाचं प्लास्टर काढलं. तिसऱ्या वर्षी ताप आला तेव्हापासून तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकलेलाच होता. आता ती दहा वर्षांची आहे, आणि तो पाय मी त्यानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिला. कातडी पांढरीफटक पडली आहे, पिंडरी नावालासुद्धा नाही, पण सरळ आहे. मी हात फिरवत बसले तर म्हणाली, "आई, गुदगुल्या होऊन राहिल्या."

डॉक्टरांनी बजावलं आहे की प्लास्टर काढलं म्हणजे काम झालं असं समजू नका. लोखंडी पट्ट्यांचा बूट या महिन्याअखेर पायात चढला पाहिजे. तोवर लाकडी फळी बांधून ठेवायची. उशीर झाला तर गुडघा पुन्हा ओढला जाईल.

बुटाचं माप दिवाळीआधीच मुंबईच्या कारखान्यात गेलं होतं. आज त्यांचं कार्ड आलं, बूट रजिस्टर पार्सलनं रवाना केला आहे. पत्ता ह्यांच्या नावाचा, शेषराव म्हणून. चार-पाच दिवसांत येईल.

बूट आला की जानेवारीपासून मैना अमरावतीला, माझ्या भावाकडे, देवरावकडे राहून शिकेल. शाळा त्याच्या घराला लागून आहे, दवाखाना जवळ आहे. मी शिकवते ती शाळा चौथीपर्यंतच, आणि तिला कडेवर घेऊन नेणं आता मला झेपत नाही. मी आज दोनदा तिला हे सांगितलं. ती ऐकून घेते. समजूतदार आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

पार्सल नाही. शाळेतून आल्या आल्या विचारलं, "कोणी आलं होतं?" मैना म्हणाली, "नाही."

दिवसा घरी ती आणि मनकर्णा आत्या दोघीच असतात. ह्यांच्या आत्या. त्यांना ऐकू फार कमी येतं आणि जेवण झालं की त्या भिंतीला टेकून झोपतात. पण मैनाचे कान तिखट आहेत. दाराला खाली एक कडी बसवून घेतली आहे, ती सरकत सरकत जाऊन काढू शकते. तेव्हा काळजी नाही.

जेवताना विचारत होती, "आई, मामाच्या घरून अकोला दिसते काय?" मी हसले. म्हटलं, गच्चीवर गेलं तरी दिसत नाही, मधे मूर्तिजापूर, बडनेरा. मग विचारते, रात्री तिथे कोणाजवळ झोपायचं. तिचं मन आत्तापासून तिकडे लागलं आहे. बरं वाटलं.

८ डिसेंबर, रविवार

आज ह्यांना सुट्टी होती. हे एस. टी.त कंडक्टर आहेत, तेल्हारा लाईनवर, एक दिवसाआड मुक्कामाला तिकडेच असतात. दुपारी खाटेवर बसून मैनाच्या फळीची पट्टी बांधत होते. मला म्हणाले, "लेकीले काहून धाडतं इतक्या दूर? इथीच कुठं पाय."

म्हटलं, "इथे कुठे? पाचवीची मुलींची शाळा गावाच्या त्या टोकाला. तिला रोज कोण नेणार? तुम्ही तेल्हाऱ्याला, मी शाळेत."

"मले घर सुनं सुनं लागते ना मंग."

"तुमच्यासाठी तिनं चार भिंतींत बसून राहायचं का?"

ते पुन्हा पट्टी बांधू लागले. मैना त्यांच्या मांडीवर पाय ठेवून डोळे मिटून पडली होती, झोप लागली असावी.

मी जरा जास्तच बोलले. मला तरी कुठे करमणार आहे. पण आमच्या समाजातल्या किती पोरी अजून दाराआड बसल्या आहेत, आणि ही तर पायानं अधू. हिला शिक्षण नसलं तर पुढे हिला कोण विचारणार? कधी कधी वाटतं, मी हे तिच्यासाठी करते की मास्तरीणबाईची पोरगी मागे राहिली असं कोणी म्हणू नये म्हणून? असला विचार मनात आला की मी दुसऱ्या कामाला लागते.

१० डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर धावत पोस्टात गेले. शेवटची खिडकी बंद होत होती. कारकुनानं वही पाहिली आणि सांगितलं, पार्सल चार तारखेलाच आलंय. दोनदा पाठवलं. दोन्ही वेळा शेरा एकच, "दार बंद."

मी म्हटलं, "घरात दोन माणसं असतात, दार कसं बंद असेल?"

"शेरा आहे तसा. चिठ्ठी पण टाकली होती."

"चिठ्ठी मिळाली नाही. आत्ता द्या, मी घेऊन जाते."

तर म्हणे पार्सल शेषरावांच्या नावे आहे, त्यांची सही पाहिजे, आणि पार्सलची खिडकी चारला बंद होते. हे परवा येतील तेव्हा त्यांची गाडी सुटायची वेळ आणि खिडकी उघडायची वेळ एकच. माझी शाळा अकरा ते पाच. तपासणी तोंडावर, मोठ्या बाई रजा देत नाहीत. विनवणी केली तेव्हा म्हणाला, उद्या पुन्हा पोस्टमनबरोबर पाठवतो. बूट त्या भिंतीच्या पलीकडे कुठेतरी फळीवर पडला होता आणि मी रिकाम्या हातानं परत आले.

११ डिसेंबर, बुधवार

मोठ्या बाईंच्या हातापाया पडून अर्धा दिवस मागून घेतला आणि दुपारभर दारात बसले. आला नाही. वस्तीत चिटपाखरू नव्हतं. कापसाचा हंगाम आहे, बाया सरकी काढायच्या जिनात नाही तर वेचणीला. समोरच्या माणिकबाईंच्या दाराला कुलूप. कापसाच्या गाड्या जात होत्या तेवढ्याच.

मैना माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ. सायकलची घंटी वाजली की दचकायची, पाणी पितानासुद्धा रस्त्याकडे कान. म्हणाली, "आई, तू शाळेत जा ना. मी आहो इथी." एवढं कळतं तिला, माझी रजा वाया जाऊ नये म्हणून.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा "दार बंद." काल दुपारी येऊन गेला म्हणे.

आज त्या पोस्टमनला रस्त्यातच गाठलं. पुंजाराम नाव. पन्नाशीचा माणूस, सायकल हातात धरून चालत होता. मी सरळ विचारलं, तुम्ही आमच्या घरी खरंच येता का?

"येतो ना बाई. तीन बार आलो. कडी वाजवली, आवाज देल्ला."

"घरात माझी मुलगी असते. तिला ऐकू येतं."

तो म्हणाला, "अंदर काहीतरी सरकल्यावानी वाजलं. मंग आवाज बंद झाला. मी तरी काय करू, दार तोडू काय?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझी पोरगी खोटं बोलते? चारचौघांत त्याला खूप बोलले. तो खाली पाहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, रजिस्टर पार्सल हाय. मले बी ते पोचवाचंच असते."

मला आता शंका नाही. आमच्या वस्तीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. आधीचा पोस्टमन आमची पत्रं गिरणीवाल्याकडे टाकून परस्पर जायचा, वस्तीत पाय ठेवायचा नाही. हाही तसलाच. पत्र गिरणीत टाकता येतं, पार्सल टाकता येत नाही, म्हणून "दार बंद." दीक्षा घेऊन सात वर्षं झाली तरी या लोकांचे पाय आमच्या दारापर्यंत येत नाहीत. तक्रार लिहिणार.

१५ डिसेंबर, रविवार

तक्रार लिहिली. खाडाखोड न करता, मुद्देसूद. ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "थांब वं जरा. माणूस गरीब दिसते."

"गरीब आहे म्हणून खोटे शेरे मारायचे?"

"तसं नाई. मंगळवारी मले दुपारची ड्युटी हाय. सकाळी मीच जातो, सही करतो, घेऊन येतो. मंग तक्रार कशाले?"

"आज आपण गप्प बसलो तर उद्या दुसऱ्याच्या घरी हेच होईल."

मैना भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आई, त्या पोस्टमनले काय करतीन?"

"बदली करतील. कामावरूनही काढतील."

"त्यायच्या घरी लेकरं असतीन ना?"

"असतील. पण काम नीट केलं नाही तर असंच होतं."

भाकरी तशीच ठेवून दिली तिनं. पोट दुखतं म्हणाली. ओवा दिला.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल पार्सल मुंबईला परत गेलं.

हे सकाळी खिडकी उघडायच्या आधीपासून उभे होते. मुदत संपली, नियमाप्रमाणे परत पाठवलं, एवढंच उत्तर. एक दिवस. ह्यांनी परस्पर कारखान्याला तार केली, पार्सल येताच उलट धाडा म्हणून. या वेळी पत्ता माझ्या नावाचा, माझ्या शाळेचा.

मी संध्याकाळी मैनाची फळी सोडून पाहिली. जमिनीवर पाय टेकवला तर गुडघ्याखालून माझी दोन बोटं जातात. शनिवारी एकसुद्धा जात नव्हतं. तिनं माझी बोटं पाहिली. "पुन्हा वाकून राहिला काय?" म्हटलं, नाही गं, तुला सवय नाही सरळ ठेवायची.

तक्रारीचा कागद आधी ठेवावा की द्यावा असं होत होतं. आज जाऊन पोस्टमास्तरांच्या हातात दिला.

१९ डिसेंबर, गुरुवार

चौकशीला टपालखात्याचे एक साहेब घरी आले होते. सोबत पुंजाराम. साहेब खुर्चीवर बसले, पुंजाराम टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा. मी "आत या" म्हटलं नाही.

साहेबांनी आत्याबाईंना ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय ऐकू येते बापू." मग मैनाजवळ वाकून विचारलं, "बेटा, तू दिवसभर घरी असते. हे कधी आले होते दारावर?"

मैनानं एकदा पुंजारामकडे पाहिलं. "नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. पुंजारामला विचारलं, तुला काही सांगायचं आहे? रस्त्यात तो मला म्हणाला होता, आतून सरकल्याचा आवाज आला म्हणून. ते तो एका शब्दानं बोलला नाही. खरं असतं तर साहेबांपुढे सांगितलं नसतं? जाताना फक्त मैनाला म्हणाला, "पाय बरा हाय ना बेटा?"

ते गेल्यावर मैना किती वेळ रडत होती. डगलेवाला साहेब घरात आला, प्रश्न विचारले, लेकरू घाबरलं. एवढ्याशा पोरीची साक्ष घ्यायला नको होती.

२१ डिसेंबर, शनिवार

माणिकबाई सांगत आल्या, "त्या पुंजाराम पोस्टमनले घरी बसवलं म्हणते. बरं झालं तुमी लिहिलं." आम्ही दारात उभ्या राहून बोलत होतो. बरं वाटायला हवं होतं. बरंच वाटलं, थोडा वेळ. त्याच्या घरी कोण आहे ते माणिकबाईंना विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

मैनाला बारीक ताप. गुडघ्याखालून तीन बोटं जातात.

२३ डिसेंबर, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

मधल्या सुट्टीत पोस्टातला शिपाई शाळेत आला. तुमची मुलगी आमच्याकडे बसली आहे म्हणाला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मैना घरातून अंगणापर्यंत येते ती सरकत. पोस्ट मैलावर.

गेले तर पोस्टमास्तरांच्या खोलीत, बाकावर, फळी बांधलेला पाय पुढे करून बसलेली. केसांना, परकराला सगळीकडे कापूस चिकटलेला. बाहेर एक गाडीवान उभा होता, खुशालराव म्हणून. जिनात कापूस टाकून रिकामी गाडी घेऊन आमच्या रस्त्यानं परत चालला होता. ही दारात बसून हाका मारत होती. म्हणाला, "मले वाटलं कोणी मेलं-गेलं घरात. तर म्हणते, काका, मले पोस्टात नेता काय. पाय पाहून मी उचलून ठेवलं गाडीत."

पोस्टमास्तर मला म्हणाले, "बसा. ती काय म्हणते ते तुम्हीही ऐका."

मैनानं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहून म्हणाली, "ते पोस्टमन काका येत होते. दरवेळी येत होते. मीच दार उघडलं नाही. चिठ्ठ्या बी मीच चुलीत टाकल्या. त्यायले कामावर घ्या."

त्या खोलीत मी काय बोलले ते आठवत नाही. तिला उचलून बाहेर आणलं. खुशालरावांनीच गाडीतून घरी सोडलं. वाटभर ती माझ्या मांडीवर असूनही अंग चोरून बसली होती.

घरी आल्यावर विचारलं, "काहून केलं असं?"

"बूट आला का तुमी मले अमरावतीले धाडणार."

"तुझ्या भल्यासाठीच ना?"

"मले माहीत हाये." मग फळीची पट्टी ओढत, "तू मले विचारलंच नाही, आई. सांगतच राहिली."

मारायला हात उचलला होता मी, हे लिहिलं पाहिजे. मारलं नाही. चुलीपुढे जाऊन बसले.

मागची पानं वाचली. अमरावतीहून अकोला दिसतं का, रात्री कोणाजवळ झोपायचं, तू शाळेत जा. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. लहान पोरांना शिकवते मी, बारा वर्षं झाली.

२४ डिसेंबर, मंगळवार

तक्रार मागे घ्यायला गेले. पोस्टमास्तर म्हणाले, कागद वर नागपूरला गेला आहे. तुमचं दुसरं पत्र जोडतो, पण तिकडून उत्तर येईतो पुंजारामला घरीच बसावं लागेल. मी लिहिलेला कागद आता माझ्या हातात नाही.

२९ डिसेंबर, रविवार

हे आणि मी पुंजारामच्या घरी गेलो. मैनाही येतेच म्हणाली, ह्यांनी खांद्यावर घेतलं. एक खोली, पुढे पडवी. तो दोरी वळत बसला होता. आम्हाला पाहून उठला, बायकोला चहा ठेव म्हणाला. आमच्या हातून चूक झाली असं हे म्हणाले. मग मैनानंच म्हटलं, "काका, मी खोटं बोलली."

"मले पहिल्या दिशीच समजलं होतं," तो म्हणाला.

मग मी विचारलं, "तर साहेबांपुढे का नाही सांगितलं?"

"लेकरू नाई म्हणून राहिलं होतं. मी हो म्हटलं असतं, तं घरात तिले मार पडला असता. मले वाटलं, मायं काय, दोन-चार दिशी घरी बसीन." दोरी बाजूला ठेवून म्हणाला, "आता जरा जास्तच दिस होऊन राहिले."

चहा आला. आमच्याच सारख्या कपबशा, त्यानं आमच्याच बरोबर बसून घेतला. त्याच्याबद्दल मी जे कागदावर लिहिलं होतं, त्यातला शब्द न् शब्द मला तिथे बसून आठवत होता. इतके दिवस ज्यांनी खरोखर वस्ती टाळली, त्यांना मी कधी एक ओळ लिहिली नव्हती. लिहिली ती याच्यावर.

९ जानेवारी १९६४, गुरुवार

पार्सल शाळेत आलं. शाळा सुटेपर्यंत मी पेटी टेबलाखाली पायाशी ठेवून शिकवत होते. घरी नेऊन खिळे काढले. काळा बूट, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, गुडघ्याला चामड्याची पट्टी. मैनानं हात लावून पाहिला. "जड हाये," म्हणाली.

चढला नाही. पट्ट्या सरळ, पाय वाकलेला. ह्यांनी जोर केला तसे तिनं ओठ दाबून धरले, पण डोळ्यांतून पाणी आलं. मी थांबवलं. बूट परत पेटीत ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

अमरावती. डॉक्टर रागावले, रागवायलाच हवं होतं. पुन्हा प्लास्टर, तीन आठवडे. म्हणाले, आत्ता तरी आणलंत, आणखी महिना गेला असता तर ऑपरेशन करावं लागलं असतं. का उशीर झाला असं त्यांनी विचारलं. मी सांगायच्या आधी मैना म्हणाली, "पार्सल परत गेलं होतं." मी तेवढ्यावरच राहू दिलं.

देवरावच्या घरी मुक्काम. वहिनीनं मैनाची खाट आपल्या खाटेशेजारी टाकली. देवराव विचारत होता, मग आता नाव कधी घालायचं? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्याला नवल वाटलं. या घरात ठरलं नाही असं मी पहिल्यांदाच म्हणत असेन.

२३ जानेवारी, गुरुवार

पुंजाराम कामावर रुजू झाला. पण बीट बदललं, आता स्टेशनच्या बाजूला. आमच्याकडे नवा मुलगा येतो. पुंजारामची एक महिन्याची रजा विनावेतन गेली, तो पगार काही परत मिळत नाही. हे म्हणतात, आपण पैसे दिले तर तो घेणार नाही, आपण विचारूही नये. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बूट चढला. दवाखान्यात दोन आडव्या बांबूंना धरून मैना उभी राहिली. मला ती इतकी उंच असेल असं वाटलं नव्हतं, माझ्या खांद्याच्या वर आली. पहिलं पाऊल टाकताना आवाज केवढा झाला. मग दुसरं. तोल गेला तेव्हा मी पुढे झाले, तर कंपाउंडरनं मला मागे धरलं. पडली. पालथी पडून बांबूला धरून पुन्हा उठली, आणि सगळ्यांत आधी सोबत आलेल्या वहिनीकडे पाहून हसली, माझ्याकडे नाही. हे लिहिताना बोचतं आहे, आणि बोचू नये हेही कळतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज विचारलं. अंगणात ऊन होतं, ती भिंत धरून चालायचा सराव करत होती. म्हटलं, "मैना, तुला काय वाटते? अमरावतीले जाशील, का इथीच काही पाहू?"

ती भिंतीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मी घाई केली नाही. फार जड गेलं.

"जूनमधे जाईन," म्हणाली. "आता नाही. आता मले चालता येत नाही नीट. अन् दर शनिवारी घरी आणाचं."

"दर शनिवारी कसं जमेल? बाबा तेल्हारा लाईनवर."

"मंग मी नाही जात."

मी बोलणार होते. शाळा, अभ्यास, बसचा त्रास, सगळं तोंडाशी आलं होतं. हे खाटेवर बसून बुटाच्या पट्टीला तेल लावायचं फडकं घडी करत होते. म्हणाले, "थांब, मास्तरीणबाई. मी उद्या डेपोत अर्ज देतो, अकोला-अमरावती लाईन द्या म्हणून."

"मिळेल?" मी विचारलं.

"आता ते मी काय सांगू. त्या लाईनीवर सगळे जुने कंडक्टर."

मैना भिंत सोडून आमच्याकडे येत होती. मधे धरायला काही नव्हतं. "मिळते बाबाले," असं ती म्हणाली, आणि पाय उचलला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.